‘आत्ताच फॉर्म भरू का?’ : अमेरिकेत लवकर उमेदवारी नोंदवण्याबद्दल

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही इलिनॉयमध्ये, शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहता. गावच्या लायब्ररी बोर्डावर आहात. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या नागरिक झालात. २०२८ ला निवडणूक लढवायची इच्छा आहे, पण राज्याच्या सभागृहाची की काँग्रेसची म्हणजे अमेरिकेच्या संसदेची, हे ठरत नाही. ओळखीचे लोक सांगतात, ‘काँग्रेसचा फॉर्म ऑनलाइन आहे, फी नाही, आत्ताच भरून टाक. यादीत नाव आलं की लोक मनावर घेतात.’ साताऱ्याहून वडील विचारतात, अर्ज भरला की छाननी कधी. शिवाय घरच्या माणसांनी मदत केली तर चालेल का, हेही तुम्ही विचारलंय.

मी व्यवसायाने अकाउंटंट आहे आणि गेली चौदा वर्षं इलिनॉयमधल्या लहान उमेदवारांची कोषाध्यक्ष म्हणून काम करते. वकील नाही. पुढचं सगळं इथल्या अनुभवावरून लिहिते आहे. दुसऱ्या राज्यात तारखा, फी, सह्यांचे आकडे सगळं वेगळं असतं.

आधी वडिलांच्या प्रश्नाकडे येते, कारण खरा घोळ तिथेच आहे. आपल्याकडे अर्ज भरणं ही एकच गोष्ट असते. अधिसूचना निघते, आठवडाभरात अर्ज, प्रतिज्ञापत्र, अनामत रक्कम, मग छाननी, मग माघार. शेवटच्या दिवशी जो उरला तो उमेदवार. अमेरिकेत मात्र ‘फाइल केलं’ हा एकच शब्द लोक तीन निरनिराळ्या कामांसाठी वापरतात. काँग्रेससाठी केंद्रीय निवडणूक आयोगाकडे म्हणजे एफईसीकडे दिलेली नोंद हे पहिलं काम. राज्याच्या पदासाठी राज्य निवडणूक मंडळाकडे केलेली प्रचार समितीची नोंद हे दुसरं. आणि मतपत्रिकेवर नाव यावं म्हणून दिलेला अर्ज, इलिनॉयमध्ये सह्यांच्या गठ्ठ्यासकट, हे तिसरं. वडील ज्याला अर्ज म्हणतात तो हा तिसरा. तुमचे मित्र ज्याबद्दल बोलतात तो पहिला. पहिल्याचा मतपत्रिकेशी काहीही संबंध नाही.

एफईसीची नोंद हा पैशाचा कायदा आहे. उमेदवारीसाठी तुम्ही पाच हजार डॉलरपेक्षा जास्त गोळा केले किंवा खर्च केले, की कायद्याने तुम्ही उमेदवार होता. तिथून पंधरा दिवसांत फॉर्म २ भरायचा. त्यात पद, मतदारसंघ, निवडणुकीचं वर्ष आणि तुमच्या मुख्य प्रचार समितीचं नाव द्यायचं. पुढच्या दहा दिवसांत समितीने फॉर्म १ भरायचा, त्यात कोषाध्यक्षाचं नाव असतं. कोषाध्यक्षाशिवाय समितीला पैसे घेताही येत नाहीत आणि खर्चताही येत नाहीत. एवढंच. तुम्ही पात्र आहात का, तुमच्या मागे कोणी आहे का, हे त्या टप्प्यावर कोणी तपासत नाही. २०१५ मध्ये आयोवातल्या एका १५ वर्षांच्या मुलाने टोपणनावाने अध्यक्षपदासाठी फॉर्म २ भरला होता, आणि ते नाव पुढे जनमत चाचण्यांतही आलं. उलट टोकाचं उदाहरण डोनाल्ड ट्रम्प यांचं. त्यांनी २०२० च्या निवडणुकीचा फॉर्म २ दिला तो २० जानेवारी २०१७ ला, पहिल्या शपथविधीच्याच दिवशी, आणि ही औपचारिक घोषणा नव्हे असं सोबत लेखी कळवलं. दोघांची कागदपत्रं एकाच कार्यालयात गेली. तेव्हा दीड-दोन वर्षं आधी दिसणाऱ्या त्या लांबलचक यादीवरून कोण खरोखर लढणार आहे, हे कळत नाही.

आता तुमच्याबद्दल. तुमचा प्रश्न वाचून मी सगळ्यात आधी मार्च २०२२ ही तारीख वहीत लिहून घेतली. काँग्रेसच्या खालच्या सभागृहाच्या, म्हणजे प्रतिनिधीगृहाच्या सदस्याला राज्यघटनेने तीन अटी घातल्या आहेत: वय २५, सात वर्षांचं नागरिकत्व, आणि निवडून येताना त्या राज्यात वास्तव्य. २०२८ ला निवडून आलेलं सभागृह ३ जानेवारी २०२९ ला सुरू होईल. तुमची सात वर्षं भरतात मार्च २०२९ मध्ये. अडीच महिने कमी पडतात. अट पूर्ण होईपर्यंत थांबून मग शपथ घेतल्याचं उदाहरण इतिहासात आहे. वेस्ट व्हर्जिनियाचे रश होल्ट १९३४ ला सिनेटवर म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहावर निवडून आले, पण तिथल्या अटीप्रमाणे तिशी पूर्ण होईपर्यंत १९३५ मध्ये काही महिने थांबले. पण त्या भरवशावर पहिली निवडणूक लढवू नका. प्रतिस्पर्धी तुमच्या नागरिकत्वाची तारीख प्रत्येक पत्रकावर छापेल, आणि तुम्हाला शाळा, कर, रस्ते यांबद्दल जे बोलायचंय ते बाजूलाच राहील. मित्रांचं ऐकून आज फॉर्म भरला असता तर नाव यादीत आलंही असतं, आणि ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसती.

इलिनॉयच्या विधिमंडळासाठी अट निराळी आहे: अमेरिकेचं नागरिकत्व, वय २१, आणि निवडणुकीपूर्वी दोन वर्षं त्याच मतदारसंघात राहणं. नागरिकत्व किती वर्षांचं, हा प्रश्न तिथे येत नाही. तेव्हा तुमच्यासमोरचा रस्ता माझ्या मते स्पष्ट आहे. खालच्या सभागृहात ११८ जागा आहेत, म्हणजे एका मतदारसंघात साधारण एक लाख आठ हजार लोक. काँग्रेसच्या मतदारसंघात साडेसात लाख. लाखभर लोकांत पायी फिरून ओळख करता येते, हे मी स्वतः पाहिलंय. आपल्या बेळगावचे श्री ठाणेदारसुद्धा २०१८ ला मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत हरले, २०२० ला राज्याच्या सभागृहात निवडून आले आणि २०२२ ला तिथून काँग्रेसमध्ये गेले. त्यांच्याकडे स्वतःचा पैसा होता, त्यामुळे त्यांची वाट सगळ्यांना जमेल असं नाही; पण राज्याचं सभागृह ही कमी प्रतीची पायरी नाही एवढं त्यावरून दिसतं.

मग मुरलेले उमेदवार इतक्या लवकर नोंद का करतात? त्याला कारणं आहेत आणि ती खरी आहेत. एखादा जुना सदस्य निवृत्त होतो किंवा वरच्या पदासाठी उभा राहतो, जागा मोकळी होते, आणि पहिल्या तिमाहीत ज्याच्याकडे मोठा आकडा दिसतो त्याच्या वाटेला बाकीचे जात नाहीत. काँग्रेसच्या उमेदवारांचे अहवाल १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारीला जाहीर होतात. देणगीदार, पक्षाचे लोक, पत्रकार सगळे ते उघडून बघतात. चांगला आकडा आला तर फोन येऊ लागतात, आणि बारीक आकडा आला तरी तोही तितकाच जाहीर असतो. हा भाग लवकर नोंद करा म्हणणारे सांगत नाहीत. एप्रिलच्या अहवालात चार हजार डॉलर आणि सगळे देणगीदार नातेवाईक असं दिसलं की पुढचे सहा महिने तेच तुमचं वजन ठरतं.

देणगीच्या मर्यादेतही एक गोम आहे. २०२५-२६ साठी एका व्यक्तीला एका उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीमागे ३,५०० डॉलर देता येत होते. प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरतात, म्हणून एकूण ७,०००. नवा उमेदवार ७,००० चा चेक घेऊन आनंदात असतो. पण त्यातले ३,५०० मुख्य निवडणुकीचे, प्रायमरीत त्यांना हात लावायचा नाही, आणि प्रायमरी हरलात तर ते परत करावे लागतात. मी खातं उघडतानाच ते पैसे वेगळे काढून ठेवते.

काही वर्षांपूर्वी मी एका काँग्रेस उमेदवाराची कोषाध्यक्ष होते. भला माणूस, इंजिनिअर. निवडणुकीच्या सोळा महिने आधी उत्साहात नोंद केली, मित्रमंडळींकडून नऊ हजारांच्या आसपास जमवले, पोस्टकार्डं छापली, आणि चार महिन्यांत घरच्या अडचणीमुळे थांबला. प्रचार संपला, समिती संपली नाही. छपाईवाल्याचे अकराशे डॉलर देणं बाकी होतं, आणि देणी असताना समिती बंद करता येत नाही. पुढचं वर्षभर दर तिमाहीला मी अहवाल भरत राहिले: जमा शून्य, खर्च बँकेचं शुल्क, देणं अकराशे. एक जरी चुकला असता तर दंड झाला असता. तो दर वेळी फोनवर माफी मागायचा, आणि मला त्याचंच वाईट वाटायचं. लवकर नोंद करायची असेल तर शेवट कसा करणार याचाही विचार त्याच दिवशी करून ठेवा.

काँग्रेसच्या उमेदवाराला आणखी एक कागद लागतो, मालमत्तेचं विवरण. पाच हजारांची रेषा ओलांडली की तेही देणं लागतं. त्यात नवऱ्याची मालमत्ता येते. पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट येतो. कोणालाही उघडून वाचता येईल अशा ठिकाणी हे सगळं राहतं. एका जोडप्यात याच कागदावरून झालेलं भांडण मी समोर बसून पाहिलंय. नवऱ्याला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. फॉर्म भरण्याआधी घरात बसून ही चर्चा करा.

निर्णय पक्का नसेल तर कायद्यात त्यासाठी सोय आहे. चाचपणीचा काळ म्हणून तुम्ही लोकांना भेटू शकता, फिरू शकता, एखादी पाहणी करू शकता, त्यासाठी मर्यादेत राहून पैसेही घेऊ शकता, आणि तोवर नोंद लागत नाही. हिशेब मात्र पहिल्या दिवसापासून ठेवायचा, कारण पुढे उमेदवार झालात तर ते सगळं पहिल्या अहवालात येतं. आणि स्वतःला उमेदवार म्हणवून घ्यायचं नाही. ‘काँग्रेससाठी अमुक’ असा फलक घेऊन एक फोटो टाकलात की चाचपणी संपली.

राज्याच्या सभागृहासाठी हिशेब सोपा आहे पण सुटका नाही. पाच हजारांच्या वर जमा किंवा खर्च झाला की दहा कामकाजाच्या दिवसांत डी-१ हा फॉर्म भरून समिती नोंदवायची, मग दर तिमाहीला अहवाल. एक हजार किंवा त्याहून मोठी देणगी आली तर पाच कामकाजाच्या दिवसांत कळवायचं, निवडणुकीआधीच्या तीस दिवसांत दोनच दिवसांत. केंद्रात कंपनीचा चेक अजिबात चालत नाही. इलिनॉयमध्ये मर्यादेत चालतो. दोन्हीकडे काम केलेले लोकही इथे गफलत करतात.

एका दमात सांगायचं तर: काँग्रेस २०२८ ला तुमच्यासाठी नाही, राज्याचं सभागृह आहे, आणि कोणताही पैशाचा फॉर्म कायदा मागतो तेव्हा किंवा मन पक्कं झाल्यावर भरायचा. पण लवकर सुरू करायचं काम आहेच, आणि ते सह्यांचं आहे.

इलिनॉयमध्ये खालच्या सभागृहाच्या पक्षीय उमेदवाराला किमान ५०० आणि जास्तीत जास्त १,५०० सह्या लागतात. अर्जाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवसाआधीच्या ९० दिवसांतच त्या घेता येतात. २०२६ साठी ५ ऑगस्ट २०२५ पासून सह्या घेता आल्या आणि अर्ज २७ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर घेतले गेले, कारण प्रायमरी १७ मार्चला होती. २०२८ ची प्रायमरी कायदा बदलला नाही तर २१ मार्चला येते, म्हणजे तुमच्या सह्यांचा हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२७. गणपतीचे दिवस त्यातच येतात, आणि तिथेच आपली माणसं फसतात.

एका वर्षी आमचा स्वयंसेवक गणपतीच्या कार्यक्रमाच्या पार्किंगमधून एका संध्याकाळी ४३ सह्या घेऊन आला. रात्री जेवण झाल्यावर ती पानं मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतली, लॅपटॉपवर मतदारयादी उघडली आणि एकेक नाव पट्टी लावून तपासलं. ग्रीन कार्डवरच्या चार जणांनी भोळेपणाने सह्या केल्या होत्या. अकरा जण शेजारच्या मतदारसंघातले निघाले, कारण कार्यक्रमाला माणसं तीस-तीस मैलांवरून येतात. एका काकांनी शेजारी उभ्या असलेल्या काकूंचीही सही स्वतःच केली होती, अक्षर एकच. तीन जणांचा पत्ता जुना. उरल्या २४. त्याच आठवड्यात दुसऱ्या स्वयंसेविकेने मतदारयादी हातात घेऊन दोन गल्ल्या पायी केल्या; तिने ३१ सह्या आणल्या, त्यातल्या २९ टिकल्या. तेव्हापासून मंडळाच्या गर्दीत मी सह्यांचं पान उघडू देत नाही, तिथे फक्त ओळखी करायच्या. शिवाय बहुतेक मंडळं आणि देवळं करमुक्त संस्था आहेत. त्यांनी कोणत्याही उमेदवाराचा प्रचार करायचा नसतो, आणि आपल्या उत्साहापायी त्यांना अडचणीत आणू नये.

५०० हव्या असतील तर तपासलेल्या ९०० सह्यांच्या खाली मी गठ्ठा बांधत नाही. प्रत्येक पानाखाली सह्या घेणाऱ्याचं निवेदन असतं आणि ते नोटरीसमोर करायचं असतं. पानांना ओळीने क्रमांक, सगळी पानं मूळ, झेरॉक्स एकही नाही, आणि गठ्ठा पुस्तकासारखा घट्ट बांधलेला. राज्याच्या उमेदवाराला आर्थिक हितसंबंधांचं निवेदन देऊन त्याची पावतीही मुदतीतच जोडावी लागते. सह्या मुबलक आणि पावती नाही, असं होऊन गेलेले लोक आहेत. एकदा गठ्ठा दिला की नंतर पानं वाढवता येत नाहीत. मुदत संपल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत कोणीही मतदार हरकत घेऊ शकतो, आणि इथे ती घेतली जातेच.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण याच राज्यातलं आहे. १९९६ च्या निवडणुकीआधी राज्य सिनेटच्या सदस्य अॅलिस पामर काँग्रेसच्या पोटनिवडणुकीची प्रायमरी हरल्यावर आपल्या जुन्या जागेकडे परतल्या आणि घाईघाईने सह्या गोळा केल्या. त्या जागेवर आधीच उभ्या असलेल्या बराक ओबामांच्या माणसांनी सह्या तपासून हरकती घेतल्या, पामर यांनी माघार घेतली, बाकीचे बाद झाले आणि ओबामा प्रायमरीत एकटेच उरले. मिशिगनचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. २०१२ मध्ये विद्यमान काँग्रेस सदस्य थॅडियस मॅकॉटर यांना हजार सह्या हव्या होत्या. दिल्या अठराशेहून जास्त, पण जुनी पानं झेरॉक्स करून घुसडलेली निघाली आणि ग्राह्य ठरल्या फक्त २४४. २०२२ मध्ये त्याच राज्यात रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नरपदाचे पाच उमेदवार याच कारणाने मतपत्रिकेवर आले नाहीत. पैसे देऊन नेमलेल्या लोकांनी बनावट सह्या केल्या होत्या. या सगळ्यांकडे नाव होतं, समित्या होत्या. आडवं आलं ते सह्यांचं पान.

राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डमध्ये, अर्ज घेण्याच्या पहिल्या दिवशी सकाळी आठच्या आधी रांग लागते. पहाटे पाचला आलेला आणि आठला पाच मिनिटं असताना आलेला, दोघं सारखेच. आठ वाजता रांगेत असलेल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकून मतपत्रिकेवरचं पहिलं स्थान ठरतं. पाच-सहा उमेदवार असलेल्या प्रायमरीत पहिल्या ओळीचा थोडा फायदा होतो असं आम्ही मानतो, म्हणून मीही खोकं उचलून त्या रांगेत उभी राहिले आहे. पण गठ्ठा तयार नसेल तर पहिल्या दिवसाचा हट्ट करू नका. हरकतीची मुदत सगळ्यांना सारखीच असते.

हे सगळं कुठे राहता त्यावर किती बदलतं, ते टेक्सासवरून बघा. तिथे काँग्रेससाठी ३,१२५ डॉलर फी भरली की झालं, नाहीतर ५०० सह्या. राज्याच्या प्रतिनिधीसाठी फी ७५०. पण २०२५ मध्ये तिथे मतदारसंघच नव्याने आखले गेले, नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने तो नकाशा अडवला, ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने वापरायला मोकळीक दिली, आणि अर्जाची शेवटची तारीख होती ८ डिसेंबर. वर्षभर आधी एफईसीकडे नोंद केलेल्यांना आपला मतदारसंघ कोणता हे चार दिवस आधी कळलं.

आता घरच्यांबद्दल. सासरे ग्रीन कार्डवर आहेत: ते देणगी देऊ शकतात, फोन करू शकतात, दारोदार फिरू शकतात. दीर एच-१बीवर आहे: त्याच्याकडून एक डॉलरही घेऊ नका, प्रचाराचं जेवणसुद्धा त्याच्या कार्डावर नको. विनामोबदला मदत करू दे, पण पैसा कुठे खर्चायचा हे ठरवताना तो खोलीत नसावा. सह्यांची पानं दोघांच्याही हातात देऊ नका. इलिनॉयमध्ये सह्या घेणारा नागरिक असावा लागतो. मुलांच्या नावाने चेक लिहायचा नाही. आणि वडील साताऱ्याचा प्लॉट विकून पैसे पाठवतो म्हणाले, असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुमचा स्वतःचा पैसा तुम्ही हवा तेवढा घालू शकता, पण उमेदवारीसाठी त्यांनी दिलेला पैसा परदेशी देणगी ठरतो, मग ते वडील का असेनात. त्यांना आजच फोन करून प्लॉट विकू नका म्हणून सांगा. ऑगस्ट २०२७ मध्ये येता आलं तर या म्हणावं. नातवंडांना सांभाळायला त्या तीन महिन्यांत तुम्हाला घरात माणूस लागेलच.